डोळ्यांवाचून जगणारे मासे: मेक्सिकोच्या गुहेपासून जोगेश्वरीच्या विहिरीपर्यंत

कवडसा | ८ जून, रात्री ११:१५

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून लिहायचं मनात होतं. गेल्या दिवाळीपासून आमच्या गोरेगावच्या घरात चार मासे आहेत आणि चौघांनाही डोळे नाहीत.

लेकाला गोल्डफिश घ्यायला कुर्ल्याच्या मासेबाजारात गेलो होतो. एका दुकानात अगदी खालच्या टाकीत फिकट गुलाबी, बोटाएवढे मासे न थांबता फिरत होते. लेक उकिडवा बसला, काचेला नाक लावलं आणि म्हणाला, "आई, ह्यांना डोळेच नाहीयेत." दुकानदार म्हणाला, "ब्लाइंड केव्ह टेट्रा. कोई लेता नहीं, लोग बोलते हैं बीमार है." गोल्डफिश राहिले बाजूला, हे चार घरी आले.

जवळून पाहिलं तर डोळ्याच्या जागी गालाची कातडीच तशी पुढे गेलेली दिसते. उजेड तिरका पडला की तिथे किंचित खोलगट सावली दिसते, बस. पहिले दोन दिवस ते काचेला लागून भराभर फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी वेग उतरला. घर पाठ झालं असावं. महिन्याभराने टाकी धुतली आणि आतला ओंडका डावीकडून उजवीकडे ठेवला, तर पुन्हा तीच घाई! ओंडक्यापाशी आले की शेपूट हलवायची थांबवायची, नुसतं तरंगत त्याच्या अंगाला लागून जायचं, वळायचं, परत जायचं. धडक एकदाही नाही.

मग मी वाचायला लागले. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, तिच्यात बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. पाणी हललं की ते तंतू वाकतात आणि मेंदूला खबर जाते. मासा पुढे जाताना पाणी ढकलतो. वाटेत काही असलं तर त्या ढकललेल्या पाण्याचा दाब बदलतो, आणि तो बदल मासा अंगाने वाचतो. जोरात गेलं की खूण ठळक येते, म्हणून नव्या जागी घाई. आणि शेपूट थांबवायची कारण तिची स्वतःचीच खळबळ मध्ये यायला नको.

हे मासे मूळचे ईशान्य मेक्सिकोतल्या सिएरा दे एल आब्रा ह्या चुनखडीच्या डोंगररांगेतले. १९३६ मध्ये त्यांना शास्त्रीय नाव दिलं तेव्हा ही वेगळीच जात समजली गेली. पुढे लक्षात आलं की बाहेरच्या नद्यांत राहणारा, चांगले टपोरे डोळे असलेला चंदेरी टेट्रा आणि हा गुहेतला फिकट मासा एकाच जातीचे, अस्टायनॅक्स मेक्सिकॅनस. दोघांना एकत्र ठेवलं तर पिल्लंही होतात. अशा सुमारे ३० गुहांमध्ये हे मासे सापडले आहेत.

ह्या विषयात मी पार बुडाले आहे. अशा जिवांबद्दल कुणी काही पाहिलं, वाचलं असेल तर कृपया लिहा.

---

शुभ्रा_परळ | ९ जून, सकाळी ७:५०

किती छान लिहिलं आहेस गं. पण वाचून पोटात तुटलं. बिचारे, आयुष्यभर काळोख. तू त्यांना घरी आणलंस हे फार बरं केलंस.

---

स्पर्श | ९ जून, सकाळी ९:२०

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. हा धागा मला फोन वाचून दाखवतो. शुभ्राताई, तुमची माया पोहोचली, पण 'बिचारे' ह्या शब्दापाशी मी थांबलो.

रोज दादरला गाडी बदलतो. पुलावरून जिन्याकडे वळायची जागा मला वाऱ्याने कळते, तिथे वारा खालून येतो. भिंत जवळ आली की माझ्याच चपलांचा आवाज घट्ट होतो. फलाटाला गाडी लागलेली असेल तर समोरची बाजू बंद खोलीसारखी वाटते, नसेल तर मोकळी. हे मला कुणी शिकवलेलं नाही, चालून चालून आलं. कवडसाताईंचा मासा ओंडक्यापाशी शेपूट थांबवतो हे ऐकलं आणि मला माझंच आठवलं. गर्दीत नवीन जागी आलो की मीही क्षणभर काठी आपटायची थांबवतो.

एक फरक मात्र मोठा आहे. मी डोळसांसाठी बांधलेल्या शहरात राहतो. त्या माशाची गुहा डोळ्यांसाठी बांधलेलीच नाही. तिथे अडखळेल तो डोळे असलेला.

---

शुभ्रा_परळ | ९ जून, सकाळी १०:०५

माझं चुकलं. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. दादरच्या त्याच पुलावरून मी वीस वर्षं जाते आहे, तिथला वारा कधी जाणवलाच नाही.

---

पेशीरंग | ९ जून, दुपारी ३:३०

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि हा मासा माझ्या फार आवडीचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

ह्या माशांना डोळे 'नसतात' हे अर्धंच खरं. अंड्यातल्या गर्भात डोळा बनायला सुरुवात होते, भिंगही तयार होतं. मग पहिल्या एक-दोन दिवसांतच भिंगाच्या पेशी आपणहून मरू लागतात. भिंग गेलं की बाकीच्या डोळ्याची वाढ खुंटते, तो आत ओढला जातो आणि वरून कातडी येते. म्हणजे प्रत्येक पिल्लू आपल्या आयुष्यात एकदा डोळा घडवायला घेतं आणि सोडून देतं.

२००० साली यामामोतो आणि जेफ्री ह्या शास्त्रज्ञांनी ह्यावर एक विलक्षण प्रयोग केला. नदीतल्या माशाच्या गर्भातलं इवलंसं भिंग काढून गुहेतल्या माशाच्या गर्भात बसवलं, एकाच बाजूला. त्या बाजूला डोळा वाढला, चांगला मोठा, बुबुळासकट. दुसरी बाजू नेहमीसारखी कातडीखाली गेली. उलटही करून पाहिलं. गुहेतल्या माशाचं भिंग नदीतल्या गर्भात घातलं तर त्याचा डोळा खचला. डोळा बांधायचं बाकी बरंचसं सामान त्या माशात अजून शाबूत आहे, हे ह्यातून उघड झालं.

हे होतं कसं? गर्भाच्या मधल्या रेषेवर सोनिक हेजहॉग नावाच्या जनुकाचं काम चालतं. गुहेतल्या माशात त्याचा पसारा वाढलेला आहे. तो वाढला की भिंग मरतं, पण त्याच वाढीमुळे जबडा रुंद होतो आणि तोंडावर रुचिकलिका जास्त येतात. चवीचं आणि डोळ्याचं गणित एकमेकांत गुंतलेलं आहे. कवडसाताई, खाणं टाकाल तेव्हा पाहा, तुमचे मासे तळाशी अंग तिरकं ठेवून, हनुवटी जमिनीला घासत खातील. नदीतला त्यांचा भाऊ जवळजवळ डोक्यावर उभा राहून तळातलं टिपतो. अंधारात तिरकी पद्धत सरस ठरते, हनुवटीखालच्या रुचिकलिका जास्त जागा चाचपतात.

---

लोकल_७_४२ | ९ जून, रात्री ८:१०

मॅडम, एक शंका. वापर नाही म्हणून अवयव गळून गेला, असंच ना? शाळेत जिराफाच्या मानेच्या धड्यात असं काहीतरी होतं.

---

पेशीरंग | ९ जून, रात्री ९:४५

शंका अगदी रास्त आहे. १८५९ मध्ये खुद्द डार्विननेही गुहेतल्या प्राण्यांच्या डोळ्यांचा ऱ्हास वापर थांबण्याच्याच खात्यावर मांडला होता. त्याला अडचण अशी दिसत होती की अंधारात डोळा असल्याने नुकसान काय?

आज आपण नुकसान मोजू शकतो. डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग चालवायला सतत ऊर्जा लागते. २०१५ च्या एका अभ्यासात ह्याच माशावर हिशेब केला गेला. साधारण एक ग्रॅमच्या पिल्लात शरीराच्या विश्रांतीतल्या खर्चापैकी जवळपास १५ टक्के खर्च नुसत्या दृष्टीवर जातो, मोठ्या माशात ५ टक्क्यांच्या आसपास. गुहेत हिरवी वनस्पती नाही. पावसाळ्यात पूर वाहून आणेल तो पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा, ह्यावर वर्ष काढायचं. अशा घरात १५ टक्के म्हणजे जगणं आणि मरणं.

वापर न केल्याने एका माशाचा डोळा लहान झाला आणि तो पिल्लांकडे गेला, असं होत नाही. दर पिढीत जनुकांत लहानसहान चुका होतच असतात. उजेडातल्या नदीत डोळा बिघडवणारी चूक घेऊन जन्मलेलं पिल्लू कुणाच्या तरी तोंडी जातं आणि ती चूक तिथेच संपते. गुहेत ती चूक तरते. आणि तिच्यामुळे ऊर्जा वाचत असेल तर ती नुसती तरत नाही, पसरते.

ह्याचा एक फार सुंदर पुरावा आहे. २००८ मध्ये बोरोव्स्की नावाच्या संशोधकाने दोन वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला. पिल्लांपैकी काहींना दिसत होतं! आईवडील दोघेही पिढ्यान् पिढ्या आंधळे आणि लेकरू डोळस. कारण एका गुहेत बिघडलेली जनुकं वेगळी, दुसऱ्या गुहेत वेगळी. दोन बंद स्कूटर असाव्यात, एकीचा प्लग गेलेला, दुसरीची क्लच वायर तुटलेली. दोन्हींचे चांगले भाग जोडले की एक गाडी चालू होते. म्हणजे ह्या गुहांत डोळा जाण्याची गोष्ट एकापेक्षा जास्त वेळा, निरनिराळ्या वाटांनी घडली आहे.

---

दूरचा_डोंगर | १० जून, सकाळी ८:३०

सुरेख चर्चा. दोन गोष्टी जोडतो.

स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना गुहेत गेलो होतो तेव्हा ओल्म पाहिला. प्रोटियस म्हणतात त्याला. बेडूक-सॅलॅमँडरसारखा उभयचर, हातभरापेक्षा लहान, माणसाच्या कातडीच्या रंगाचा, मानेशी लाल झुबक्यांसारखे कल्ले आणि डोळे कातडीखाली. पुरात गुहेबाहेर वाहून आलेला दिसला की तिथले लोक त्याला ड्रॅगनचं पिल्लू समजत. १६८९ मध्ये वाल्वासोर नावाच्या तिथल्या अभ्यासकाने ती समजूत लिहून ठेवली. हा प्राणी सरासरी ६८-६९ वर्षं जगतो आणि शंभरीही गाठू शकतो असा अंदाज आहे, आणि अन्नावाचून वर्षानुवर्षं काढतो. हर्झेगोविनातल्या एका अभ्यासात एक ओल्म २,५६९ दिवस एकाच जागी सापडत राहिला, म्हणजे सात वर्षं. २०१६ मध्ये पोस्टोयनाच्या मत्स्यालयात मादीने ६४ अंडी घातली आणि त्यातून २१-२२ पिल्लं वाढली, तेव्हा सगळा देश बातम्या पाहत होता.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कांगेर घाटीत कोटमसर गुहा आहे. वाटाड्याने बॅटरी खाली धरली आणि डबक्यातले पांढुरके मासे दाखवले, "अंधी मछली" म्हणाला. नंतर कळलं की त्या माशाला ज्या जातीत धरतात, इंडोरिओनेक्टिस एवेझार्डाय, तिचं पहिलं वर्णन १८७२ मध्ये मत्स्यअभ्यासक फ्रान्सिस डे ह्यांनी पुण्याच्या माशांवरून केलं होतं. आपल्या ओढ्यांतल्या मुऱ्याचाच भाऊबंद बस्तरच्या अंधारात राहतो आहे.

---

जोगेश्वरीकर | १० जून, रात्री १०:५०

सगळे मेक्सिको आणि स्लोव्हेनियाला जाऊन आले, आता घरी या.

२०२१ मध्ये जोगेश्वरी पश्चिमेच्या एका विहिरीतून माशाची नवी जात जगापुढे आली. नाव रक्तमिक्थिस मुंबा. 'रक्तम्' म्हणजे मल्याळममध्येही रक्तच, आणि 'मुंबा' आपल्या मुंबाआईवरून. विहीर ४० फूट खोल, आणि ती आहे एका अंधशाळेच्या आवारात. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे, अनिल महापात्रा आणि अन्नम पवनकुमार ह्या चौघांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं.

दिसायला वामेसारखा लांबट, लालसर गुलाबी. वामेच्या कुळातला मात्र नाही, हे चिखलात राहणाऱ्या स्वॅम्प ईलचं वेगळं कूळ. डोळे नाहीत, खवले नाहीत, पर नाहीत. नुसतं गुळगुळीत अंग, वळवळत चिखलातून आणि फटींतून जाण्यासाठी केलेलं. उत्तर सह्याद्रीच्या पट्ट्यातून वर्णन झालेला पूर्णपणे भूगर्भवासी आणि आंधळा असा हा पहिलाच मासा.

मी त्या विहिरीपासून पंधरा मिनिटांवर वाढलो. एस. व्ही. रोडचा धूर, रिक्षांचे हॉर्न, फलाटावरची रेटारेटी, हे सगळं वर चालू असताना खाली हा मासा होता. आपण मुंबईकर जागा नाही, जागा नाही म्हणतो. ह्याने जागा शोधली ती आपल्या पायाखाली. बातमी वाचली त्या दिवशी संध्याकाळी मी नुसता त्या रस्त्यावरून चालून आलो.

---

कवडसा | १० जून, रात्री ११:३०

अंगावर काटा आला. इतके महिने वाचते आहे आणि हे मला माहीत नव्हतं. मी गोरेगावात, म्हणजे पुढच्याच स्टेशनपलीकडे!

पण मला एक सांगा, मुंबईत गुहा कुठे आहेत? कान्हेरी, महाकाली, मंडपेश्वर, जोगेश्वरी ही तर माणसाने कोरलेली. मग हा मासा आला कुठून?

---

बेसाल्ट | ११ जून, सकाळी ११:००

कवडसाताई, प्रश्न नेमका आहे. आपल्या भाषेत 'गुहा' आणि 'लेणं' हे दोन वेगळे शब्द आहेत ते उगाच नाहीत. जोगेश्वरीचं लेणं सहाव्या शतकातलं, छिन्नीने कोरलेलं. मेक्सिको, स्लोव्हेनिया, मेघालय इथल्या गुहा पाण्याने कोरल्या. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवतं. मेघालयाच्या जयंतिया टेकड्यांत ह्याने प्रचंड गुहा झाल्या. तिथल्याच एका गुहेत २०१९ मध्ये ४० सेंटिमीटरहून लांब आंधळे मासे पाहिले गेले, गुहेतल्या माशांत जगात सर्वांत मोठे. २०२३ मध्ये त्यांना निओलिसोकायलस प्नार हे नाव मिळालं, तिथल्या प्नार लोकांवरून.

आपल्याकडे दख्खनचा काळा पत्थर. तो असा विरघळत नाही. मुंबईच्या जमिनीत सलग पोकळी नाही, पण भेगा भरपूर. लाव्हा निवताना आकसतो आणि चिरा पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाहिले असतील, ते त्याच आकसण्याने झालेले. लाव्ह्याच्या दोन थरांमधली जागा, कुजून भुसभुशीत झालेला मुरूम, ह्या सगळ्यांत पाणी साठतं आणि सावकाश फिरतं. माणूस गुहेत उभा राहू शकतो म्हणून आपल्याला ती 'जागा' वाटते. करंगळीएवढ्या जाडीच्या माशाला दोन बोटं रुंद भेगही पुरते. विहीर ही त्या भेगांच्या जाळ्याला आपण पाडलेली खिडकी. मासा विहिरीचा रहिवासी आहे असं मी म्हणणार नाही. तो खडकातल्या पाण्याचा रहिवासी, आणि विहिरीत आपल्याला दिसला.

अन्नाचं पेशीरंग ह्यांनी लिहिलंच आहे. त्याला एक अपवाद सांगतो, मला तो फार थक्क करतो. रुमानियातली मोविले गुहा १९८६ मध्ये खोदकामात उघडली. ती सुमारे ५५ लाख वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेली होती. तिथे जिवाणू पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर आणि मिथेनवर अन्न तयार करतात, आणि गोगलगायी, विंचवासारखे प्राणी, जळवा असं सगळं गाव त्यावर जगतं. सूर्याकडून थेट एक दाणाही नाही.

---

सासर_कोट्टयम | ११ जून, दुपारी ४:२०

माहेर बोरिवली, सासर कोट्टयम. इथे प्रत्येक घराला विहीर आणि विहिरी सगळ्या जांभ्यात खोदलेल्या. त्या जांभ्यात तांबडे, आंधळे, करंगळीच्या अर्ध्याएवढे मासे राहतात. होराग्लॅनिस कृष्णाई १९५० मध्ये मेनन ह्यांनी कोट्टयमच्याच विहिरींतून वर्णिला. कातडीत रंगच नाही, त्यामुळे आतलं रक्त दिसतं आणि मासा लालभडक वाटतो.

हे मासे शोधायला गेलं की सापडत नाहीत. मोटार लावली, टाकी भरली, नळाखाली बादली ठेवली आणि बादलीत लाल दोरा वळवळताना दिसला, असे सापडतात. आमच्या अम्मांच्या बहिणीकडे असाच आला होता. तिने आधी गांडूळ समजून ओतून द्यायला घेतला, मग त्याच्या मिशा दिसल्या. इथल्या संशोधकांनी गावोगावी लोकांना सांगून ठेवलं, असं काही दिसलं तर कळवा. वर्षानुवर्षं लोक बादल्या, बरण्या, फोटो घेऊन येत राहिले. त्यातून जी नवी जात मिळाली तिचं नाव होराग्लॅनिस पॉप्युलाय ठेवलं, म्हणजे 'लोकांचा'. आणखी एका विहिरीतल्या बारीक माशाचं नाव पँजिओ पाताला आहे, आपल्या पाताळावरून.

माझ्या डोक्यात सतत येतं ते हे. जांभा आपल्या कोकणातही आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरं त्याच्याच चिऱ्यांची, विहिरी त्यातच. मे महिन्यात गावी विहीर उपसता तेव्हा तळाचा गाळ ओतण्याआधी घमेल्यात दोन मिनिटं पाहा. काही वळवळलं तर फोटो काढा, जागा-तारीख लिहा, जीव पुन्हा पाण्यात सोडा आणि मुंबईत बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) किंवा जवळच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवा.

---

अप्पा_गिरगाव | ११ जून, संध्याकाळी ६:४५

मी एकोणऐंशी वर्षांचा आहे, नातू टंकून देतो आहे.

आमच्या वाडीत विहीर होती. तिच्यावर लाकडी झाकण, झाकणाला एक चौकोनी दार. आजोबा सांगत की पूर्वी गिरगाव, ठाकुरद्वार, काळबादेवी ह्या भागात वाडीगणिक विहीर असे. मलेरियाचा डास विहिरींत वाढतो असे १९११ च्या सुमारास सरकारी अहवालात आले आणि त्यानंतर कित्येक विहिरी बुजविल्या गेल्या, कित्येकांवर झाकणे आली. त्यात चूक नव्हती, माणसे तापाने मरत होती. आमच्या विहिरीत पुढे गप्पी मासे सोडले. त्याआधी एक कासव होते, ते पाणी स्वच्छ ठेवते असा समज.

चर्चगेटची भिखा बेहराम विहीर १७२५ ची, अजून गोडे पाणी देते. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना.

लहानपणी आम्ही त्या चौकोनी दारातून आत तोंड घालून हाक मारत असू. आजी रागवायची. म्हणायची, खाली जो आहे त्याला त्रास देऊ नका. आम्हाला वाटे, भुताची भीती घालते. आज जोगेश्वरीकरांचे वाचले आणि आजीचे ते वाक्य दिवसभर मनात आहे. आमची विहीर १९७० च्या आधीच बुजली. तिच्यात काय होते ते कुणी पाहिले नाही.

---

चाळीतून_टॉवरात | १२ जून, रात्री १२:१०

अप्पांचं वाचून लिहायला बसलो. मी अंधेरी पूर्वेला राहतो. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे, मी कमिटीवर आहे. आवारात जुनी दगडी विहीर आहे. नव्या नकाशात तिथे पार्किंगचा रॅम्प येतो. पाडकामाचं राबिट तिच्यातच टाकायचं ठरलं आहे, म्हणजे डंपरच्या चार खेपा वाचतील. मीही बैठकीत हात वर केला होता.

चार दिवस हा धागा वाचतो आहे. आज ऑफिसहून येताना विहिरीच्या काठावर उभा राहिलो. पाणी दिसत नाही, पिंपळाची मुळं दिसतात. आता काय करता येईल? रॅम्प हलवा म्हटलं तर सभासद ऐकणार नाहीत, घरभाडं प्रत्येकाच्या डोक्यावर आहे.

---

बेसाल्ट | १२ जून, सकाळी ९:१५

रॅम्प हलवायची गरज पडेलच असं नाही. विहिरीवर आरसीसी स्लॅब टाकून, वर जाळीचं झाकण आणि उतरायला जागा ठेवून वरून रॅम्प नेता येतो. तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे नेमकं विचारा. गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडता येईल. टँकरच्या बिलाचा आकडा सभासदांसमोर ठेवा, तो सगळ्यांना कळतो.

राबिट मात्र टाकू देऊ नका. सिमेंटचा चुना पाण्यात उतरला की पाणी अल्कधर्मी होतं आणि ते फक्त तुमच्या विहिरीपुरतं राहत नाही, भेगांतून पुढे जातं. आणि काम सुरू होण्याआधी एकदा तळ पाहून घ्या. उपशाच्या वेळी मोटारीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

---

जोगेश्वरीकर | १२ जून, सकाळी ९:४०

उपसा ठरला की इथे तारीख टाका. मी येतो. घमेली, बॅटऱ्या, बादल्या आणतो.

---

चाळीतून_टॉवरात | १२ जून, रात्री १०:२५

कमिटीच्या ग्रुपवर आज जोगेश्वरीची बातमी आणि बेसाल्ट ह्यांचा स्लॅबचा मुद्दा टाकला. दोघांनी विरोध केला, चौघं म्हणाले इंजिनिअरला विचारू. राबिट टाकायचं तूर्त थांबलं आहे. रविवारी सकाळी आठला मोटार लावतो, पाऊस नसेल तर. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो.

---

स्पर्श | १३ जून, सकाळी ९:३०

कवडसाताई, एक विनंती. तुम्ही सगळं डोळ्यांनी पाहून लिहिलंत. एकदा रात्री दिवे पूर्ण घालवून टाकीपाशी बसाल का? काय कळतं ते सांगा.

---

कवडसा | १४ जून, पहाटे १:१०

बसले. लेकही होता.

पडदे ओढले, फिल्टरची मोटार बंद केली, राउटरच्या दिव्यावर रुमाल टाकला. सुरुवातीला फक्त खालच्या रस्त्याचा आवाज. मग पाण्याचा एक बारीक 'टुप', बराच वेळ गेला, पुन्हा एक. मासे कुठे आहेत काही समजत नव्हतं. पेशीरंग ह्यांनी मला निरोपात लिहिलं होतं की हे मासे अंधारात पाण्यातल्या थरथरीकडे खेचले जातात, किडा पडला की पाणी जसं थरथरतं तसं. म्हणून मी बोट पेरभर पाण्यात घातलं आणि अगदी हलकं थरथरवत ठेवलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. लेक दोनदा कुजबुजला, "आले का?" मी म्हटलं, नाही. ते जवळ आलेले मला कळलेच नाहीत. पाणी हललं नाही, आवाज झाला नाही. एकदम बोटाच्या टोकाला खरखरीत, ओलं तोंड लागलं, मग दुसऱ्या बाजूने दुसरं, आणि मी बोट तसंच ठेवलं.